पेठेत पोकलेन आणायचं तर: लो-बेडचं भाडं, गल्लीची रुंदी आणि नवा ड्रायव्हर

पुण्याच्या नारायण पेठेत जुना वाडा पाडून नवी इमारत उभी करायची म्हटली की बिल्डरशी करार, महापालिकेची परवानगी, भाडेकरूंची सोय यांवर महिनोन् महिने खल चालतो. पाया खणायला मशिन कसं येणार, हा प्रश्न मात्र आदल्या आठवड्यात निघतो. कुणीतरी फोन लावतं, पलीकडून ‘चौदा हजार भाडं, उद्या रात्री गाडी लावतो’ असं उत्तर येतं आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पुढे हिशेब मांडला की कळतं, मशिन नुसतं आणण्या-नेण्यातच चाळीस-पंचेचाळीस हजार जातात. हे पैसे कुठे जातात, त्यातले किती वाचवता येतात आणि ट्रेलरच्या स्टिअरिंगवर नवा मुलगा असेल तर काय बघायचं, ते इथे मांडतो. नव्याने लो-बेड, म्हणजे जड मशिन वाहणारा बुटका ट्रेलर, चालवू लागलेल्यांनीही हे जरूर वाचावं. अरुंद गल्ली, अपरात्रीची वेळ आणि पाठीवर वीस टनांचं लोखंड, ही जोखीम शेवटी त्यांच्याच अंगावर असते.

आधी मशिन ठरवा

लो-बेडचं भाडं कमी करून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लो-बेड लागणारच नाही असं मशिन घेणं. पेठेतल्या निम्म्याहून अधिक कामांना हे लागू पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जेसीबी म्हणून आपण ज्याला ओळखतो ते पुढे बकेट आणि मागे खोरं असलेलं मशिन साधारण साडेसात टनांचं असतं आणि रबरी टायरवर स्वतःच चालत येतं. त्याला ट्रेलर लागत नाही. येण्या-जाण्याचा तास-दोन तासांचा आकार द्यावा लागतो. लोखंडी चेनवर चालणारं पोकलेन मात्र डांबरी रस्त्यावरून लांब चालवता येत नाही. त्यातही सात टनांचं छोटं मशिन साध्या सहाचाकी किंवा दहाचाकी ट्रकवर चढवून आणता येतं. वीस टनांच्या मशिनला लो-बेडच हवा. ते मशिन पावणेतीन ते तीन मीटर रुंद असतं, म्हणजे नऊ-दहा फूट.

आता कामाचा हिशेब बघा. अडीच हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे आणि तळघरासाठी दहा फूट खणायचं आहे असं धरू. पंचवीस हजार घनफूट, म्हणजे २५० ब्रास. खणलेली माती फुगते. पाव हिस्सा वाढ धरली तर साधारण ३१० ब्रास उचलावी लागेल. पेठेतल्या गल्लीत मोठा हायवा येत नाही, दोन ब्रासचा छोटा टिप्परच येतो. दीडशेवर खेपा झाल्या. गल्लीत एका वेळी एकच टिप्पर उभा राहतो, तो भरून बाहेर पडेपर्यंत दुसरा आत येऊ शकत नाही आणि दिवसाच्या बंदीचे तासही असतात. दिवसाला बारा खेपा झाल्या तरी चांगलं म्हणायचं. बारा खेपांचे चोवीस ब्रास छोटं सात टनी मशिनही अर्ध्या दिवसात भरून देतं. मग वीस टनांचं मशिन आणून ते उरलेला दिवस टिप्परची वाट बघत उभं ठेवायचं कशाला? मोठ्या मशिनचा तासाचा दर दोन हजारांच्या आसपास, छोट्याचा तेराशेच्या आसपास, आणि दोघंही किमान आठ तासांचे पैसे मागतात. इथे वेग मशिनच्या हातात नाही, गल्लीच्या हातात आहे.

याला एक अपवाद आहे. पुण्यात चार-सहा फुटांची माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागू शकतो. तो फोडायला ब्रेकर लावलेलं जड मशिनच कामाचं. नदीकडच्या बाजूला गाळ आणि भरावही मिळतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पाणी या पेठेत शिरल्यानंतर अनेक ठिकाणी भर घालूनच पुन्हा घरं उभी राहिली. म्हणून मशिन ठरवण्याआधी प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घेऊन खाली काय आहे ते बघून घ्या. मजुरांकडून करून घेतलेल्या या खड्ड्यांना काही हजार लागतात. चुकीचं मशिन परत पाठवायला त्याच्या कितीतरी पट.

गल्ली मोजायची कशी

नारायण पेठेत येणारा जड ट्रेलर एखाद्या मोठ्या रस्त्यावर उभा राहतो: लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता किंवा अलका टॉकीजच्या चौकाची बाजू. पुढचा हॉर्स (ओढणारी गाडी) आणि मागचा लो-बेड मिळून लांबी सोळा मीटरच्या घरात जाते. ही गाडी मोदी गणपतीकडच्या किंवा पत्र्या मारुतीकडच्या आतल्या गल्लीत वळत नाही. वळवायचा प्रयत्न केला तर मागची चाकं आतल्या बाजूने कापत जातात आणि कोपऱ्यावरच्या घराचा ओटा, विजेचा डीपी किंवा उभ्या दुचाकी त्यात सापडतात. म्हणून मशिन मोठ्या रस्त्यावर उतरवायचं आणि शेवटचे दोन-तीनशे मीटर चेनवर चालवत न्यायचं, हाच इथला रिवाज. आणि खर्च वाढतो तो याच दोन-तीनशे मीटरांत.

टेप घेऊन गल्लीत स्वतः जा. सरासरी रुंदी घेऊ नका. सगळ्यात अरुंद जागा शोधा. ती बहुधा पुढे आलेल्या पायरीपाशी, नळाच्या चावीपाशी किंवा देवळाच्या कट्ट्यापाशी असते. मशिनच्या रुंदीत दोन्हीकडून किमान एकेक फूट मिळवा. मग ट्रेलर येणार त्या रस्त्यावर मान वर करा. ट्रेलरवर चढवलेल्या मशिनची उंची चार मीटरच्या आसपास जाते: तीन मीटर मशिन, एक मीटर ट्रेलरची फळी. केबल टीव्ही आणि इंटरनेटच्या वायरी पेठेत याच्या खाली लोंबत असतात. त्या वायरवाल्याला आदल्या दिवशी सांगून वर बांधून घेता येतात. विजेची तार असेल तर तिला कुणी काठीने उचलायची नाही. महावितरणच्या शाखेत अर्ज देऊन माणूस बोलावायचा.

वरच्यापेक्षा खालचा धोका मोठा आहे. २० सप्टेंबर २०२४ ला बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज सफाईचा ट्रक उभ्या जागी जमिनीत गेला. वरचे पेव्हिंग ब्लॉक खचले आणि अख्खी गाडी खड्ड्यात उतरली. ड्रायव्हर वेळेवर बाहेर पडला म्हणून वाचला; ट्रक क्रेनने बाहेर काढावा लागला. नारायण पेठेतल्या वाड्यांतही आड होते. नळ आले तसे कित्येक आड वरून फरशी टाकून बंद झाले, कित्येक अर्धवट बुजवले गेले. वीस टनांचं मशिन अशा फरशीवर गेलं तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वाड्यातल्या आणि शेजारच्या जुन्या माणसांना विचारा: आड कुठे होता, शोषखड्डा कुठे होता, चौकात कुठली फरशी पाय आपटल्यावर पोकळ वाजते. त्या जागा चुन्याने आखून ठेवा आणि ऑपरेटरला हात धरून दाखवा. गल्लीतल्या ड्रेनेजच्या झाकणांवर जाड लोखंडी प्लेट टाकावी लागते. डांबरावर चेनचे दात उमटू नयेत म्हणून जुने टायर किंवा लाकडी स्लीपर पुढे टाकत, मागचे उचलत जावं लागतं. या कामाला चार माणसं आणि सामान मिळून आठ-नऊ हजार सहज लागतात. ते वाचवायला गेलात तर रस्ता खराब केल्याबद्दल महापालिकेची वसुली आणि शेजाऱ्यांचं भांडण, दोन्ही वाट्याला येतं.

दिवसा ट्रेलर नाही, रात्री मशिन नाही

शहराच्या मध्यभागात जड वाहनांना दिवसा बंदी असते. तिचे तास वाहतूक पोलिसांच्या आदेशांनी बदलत राहतात, म्हणून त्या आठवड्यात लागू असलेला आदेश वाहतूक शाखेत विचारून घ्या. ट्रेलरमालकाच्या तोंडी भरवशावर राहू नका. ट्रेलर अर्थातच रात्री येतो. दुसरीकडे ध्वनिप्रदूषण नियमांत २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला मनाई आहे. म्हणजे ट्रेलर रात्री बाराला येऊन उभा राहिला तरी मशिन उतरवून गल्लीतून खडखडत न्यायला नियमाची आडकाठी आहे, आणि शेजारी आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर माणुसकीचीही.

यातून व्यवहारात एक फट उरते. पहाटे पाचला भरलेला ट्रेलर जागेवर उभा, सहा वाजता रॅम्प खाली, साडेसहापर्यंत मशिन उतरलेलं आणि बंदी सुरू व्हायच्या आत रिकामा ट्रेलर हद्दीबाहेर. रमणबाग परिसरात शाळेच्या रिक्षा सुरू व्हायच्या आत मशिन प्लॉटवर पोचलेलं असलं पाहिजे. हे जमवायचं तर ट्रेलर रात्रीच शहराबाहेर येऊन थांबलेला लागतो. त्या थांबण्याला धंद्यात हॉल्टिंग म्हणतात आणि त्याचे पैसे लागतात. अर्ध्या रात्रीचे अडीच-तीन हजार कुणीही मागेल. फोनवर सांगितलेल्या भाड्यात हे धरलेलं नसतं. म्हणून फोनवरच विचारा: किती तास थांबणं भाड्यात धरलंय, आणि पुढच्या प्रत्येक तासाला किती.

वाहतूक शाखेला आणि जवळच्या पोलीस चौकीला लेखी अर्ज द्या, त्यात गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि उतरवण्याची जागा लिहा. पोचपावतीची प्रत ड्रायव्हरकडे असू द्या. पहाटे गस्तीवरच्या पोलिसाने अडवलं तर नव्या ड्रायव्हरला त्या एका कागदाचा मोठा आधार होतो.

महिन्यांचंही बघा. गणेशोत्सवाच्या आधीपासूनच रस्त्यांवर मांडव उभे राहू लागतात. मानाचा पाचवा केसरीवाड्याचा गणपती याच पेठेत बसतो आणि लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता हे दोन्ही विसर्जन मिरवणुकीचे मार्ग आहेत. त्या काळात मशिन आत आणायचा विचारच करू नका, आणि आधीच आत असलेलं मशिन तेव्हा बाहेर निघेल असंही धरू नका. अडकलेल्या मशिनचं भाडं चालू राहतं. पावसाळ्यात खणलेल्या खड्ड्यात पाणी भरतं आणि शेजारच्या वाड्याची भिंत उघडी पडते. नोव्हेंबर ते मे हे खरे कामाचे महिने.

भाड्यात नेमकं काय असतं

वीस टनी मशिन चाकणहून आणायचं असं धरू. अंतर साधारण ३५ किलोमीटर, रिकामा परत जाईपर्यंत ७०. लो-बेड लिटरला अडीच-तीन किलोमीटर देतो. पंचवीस-अठ्ठावीस लिटर डिझेल, लिटरला नव्वदच्या आसपास धरलं तर सुमारे अडीच हजार रुपये. भाडं मात्र दहा ते अठरा हजारांच्या दरम्यान सांगितलं जातं. मधला फरक म्हणजे मालकाची लूट, असं समजू नका. चाळीस टनांवरच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ साली ठरलेल्या दराने वर्षाला ४४,२४२ रुपये आहे, जीएसटी वेगळा. त्यावर बँकेचा हप्ता, टायर, फिटनेस, ड्रायव्हर आणि किन्नर (मदतनीस) यांचा पगार. शिवाय लो-बेडला परतीचा माल सहसा मिळत नाही. रिकाम्या फेरीचे पैसे तुमच्याच भाड्यात असतात. तुमच्या कामाच्या दिवशी त्याच भागातून दुसरं मशिन उचलायचं असेल तर मालक दोन-तीन हजार कमी करतो. तारखेला थोडी ढिलाई ठेवता येत असेल तर ‘परतीची गाडी असेल तेव्हा सांगा’ एवढंच म्हणून बघा.

मशिन न्यायलाही तीच गाडी येणार हे बहुतेक जण विसरतात. उदाहरणादाखल: आणायचं भाडं चौदा हजार, न्यायचं चौदा हजार, दोन वेळचं हॉल्टिंग सहा हजार, झेंडा दाखवायला आणि वाहनं बाजूला करायला माणसं चार हजार, प्लेट-स्लीपर पाच हजार. झाले त्रेचाळीस हजार. तेच सात टनी मशिन ट्रकवर आलं तर येण्या-जाण्याचे बारा हजार आणि माणसांचे दोन, चौदा हजारांत काम उरकतं.

टोलचं आधीच बोलून घ्या. सातारा रस्त्याने शिरवळकडून गाडी येत असेल तर खेड-शिवापूरला चार ते सहा अ‍ॅक्सलच्या दराने टोल बसतो. फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर जादा दराचा भुर्दंड, आणि तो कुणी भरायचा यावरून भर रात्री फोन येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. मशिनच्या चेन ट्रेलरच्या फळीबाहेर आल्या असतील तर त्याचे वेगळे वीस हजार. म्हणून बारा हजारांत ‘जुना अरुंद ट्रेलर चालेल का’ असं कुणी विचारलं तर नाही म्हणा. मशिन भाड्याने घेण्यावर १८ टक्के जीएसटी असतो. सांगितलेला दर कर धरून की सोडून, हे लेखी घ्या.

खणलेली माती बाहेर नेऊन दुसरीकडे वापरायची असेल तर गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी हा वेगळाच विषय होतो. २०२१ पासूनच्या ब्रासला ६०० रुपये दराने २५० ब्रासचे दीड लाख होतात, म्हणजे मशिन आणण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट. मातीचा कंत्राटदार परवाना दाखवत नसेल तर टिप्पर भरू देऊ नका.

स्टिअरिंगवर नवा मुलगा

पुण्याच्या आसपास या धंद्यात माणसांना मागणी आहे. तळेगावला जेसीबीचा कारखाना आहे, चाकणला ह्युंदाई आणि सॅनीचे. तिथून रोज मशिनं बाहेर पडतात आणि ती पोचवायला लो-बेड लागतात. गावाकडे ट्रॅक्टर-टिप्पर चालवलेली मुलं इकडे येतात. पगार महिना वीस ते तीस हजार, भत्ता वेगळा. काम कष्टाचं आणि कौशल्याचं आहे, आणि ज्याला रिव्हर्स जमला त्याला रिकामं बसावं लागत नाही.

यायचं असेल तर खर्च फार नाही, वेळ मात्र द्यावा लागतो. ट्रान्सपोर्ट लायसन्सला वय किमान वीस, आधी वर्षभर एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स हातात असलेलं, डॉक्टरांचा फॉर्म १-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५. सरकारी शुल्क हजार-दीड हजारात बसतं. जड वाहनाच्या प्रशिक्षणाला शाळा दहा ते वीस हजार घेतात. नाशिक फाट्याजवळची आयडीटीआर ही संस्था शिकण्यासाठी चांगली जागा आहे. लायसन्स पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भरून ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन्स पुरतं. लहान टेम्पोला तो लागू आहे. सात टनी मशिन आणणाऱ्या ट्रकला किंवा लो-बेडला नाही. कुणी तो निकाल पुढे करून नव्या मुलाला ट्रेलरवर बसवत असेल तर मुलाने स्वतःच नकार द्यावा. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा धरून बसते.

लायसन्स मिळालं म्हणजे लो-बेड आला असं नाही. वर्षभर साधा ट्रक किंवा टिप्पर, मग सहा महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर किन्नर म्हणून, मग मोकळ्या मैदानावर रिकाम्या ट्रेलरचा रिव्हर्स, असा क्रम मी सुचवेन. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं चालतं. डावीकडे वळवायचं तर उजवीकडे फिरवावं लागतं, आणि थोडा जास्त दिला की हॉर्स आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. ही सवय डोक्यात नाही, हातात बसावी लागते.

चढवणं आणि बांधणं हे चालवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ट्रेलर सपाट, कडक जमिनीवर लावायचा, ब्रेक लावून चाकांना ओट म्हणजे अडसर द्यायचा, मग रॅम्प खाली. रॅम्पवर आणि मशिनच्या चेनमध्ये चिखल असेल तर तो आधी खरवडून काढायचा, कारण ओल्या लोखंडावर लोखंड घसरतं. मशिन रॅम्पच्या माथ्यावर आलं की क्षणभर तोल मधोमध येतो आणि पुढचा भाग धप्पकन फळीवर पडू पाहतो. जाणता ऑपरेटर त्या आधीच बकेट पुढे फळीवर टेकवतो आणि बूमवर भार घेत मशिन हळू खाली बसवतो. त्या वेळी ड्रायव्हरने ऑपरेटरला दिसेल अशा जागी बाजूला उभं राहून हाताने खुणा करायच्या. रॅम्पच्या मागे आणि बाजूच्या टोकाशी कुणीही नको, फोटो काढणारे तर अजिबात नकोत. मशिन बसलं की बकेट लाकडावर टेकवायची, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक, इंजिन बंद. चार कोपऱ्यांना चार चेन, पाचवी बकेटला, प्रत्येकीला टर्नबकल लावून ताण. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून सगळ्या चेन पुन्हा आवळायच्या, कारण धक्क्यांनी मशिन बसतं आणि चेन ढिली पडते. हे थांबणं जो टाळतो त्याच्या गाडीवर मशिन देऊ नये.

कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची सवय काही जुन्या ड्रायव्हरांना आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली. भरलेला लो-बेड खालच्या गिअरमध्येच उतरवायचा. वाचलेलं अर्धा लिटर डिझेल कुणाच्याही जिवाच्या किमतीचं नाही.

गाडी बोलावणाऱ्यांनी आपल्या वागण्याकडेही बघावं. ड्रायव्हर नवा आहे असं कळलं तर त्याला परत पाठवू नका, पण पहिल्या खेपेला जुना माणूस बरोबर द्या असं मालकाला सांगा. त्याचे हजार-पंधराशे जास्त पडले तरी द्या. अलका चौकात उभं राहून ‘अरे, घे की आत, बसतंय’ असं ओरडणारे दहा जण असतात. खुणा करणारा माणूस एकच असावा आणि ड्रायव्हरने फक्त त्याचंच ऐकावं, हे गाडी येण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला आठ तासच काम आणि पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती होती. पहाटे पाचला तुमच्या गल्लीत येणारा मुलगा आदल्या सकाळपासून गाडीवर असेल तर त्याला आधी झोपू द्या, मशिन दुसऱ्या दिवशी उतरवा.

कागद

ट्रेलरचा विमा रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचं नुकसान भरतो. वर ठेवलेलं पन्नास लाखांचं मशिन त्यात येत नाही. मशिनमालकाच्या पॉलिसीत वाहतुकीतलं नुकसान धरलंय का, ते पॉलिसी वाचून बघा. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली, मालाची किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. चौदा हजार भाडं असेल तर एक लाख चाळीस हजार. म्हणून बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, मशिनची किंमत लिहिलेली हवी, त्यासाठी थोडं जादा भाडं द्यावं लागलं तरी चालेल. नुकसान झालं तर १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं. ते कोण काढणार हेही ठरवून घ्या.

स्वतः राहण्यासाठी वाडा पुन्हा बांधणारा मालक किंवा सोसायटी ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक ठरते. पोट भरण्यासाठी एकच ट्रेलर घेऊन स्वतः चालवणारा ड्रायव्हरही, ट्रेलरमध्ये दोष निघाला तर, ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. पण तिथे तोंडी बोली चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा दर, बिल्टी, वजनकाट्याची पावती, उतरवताना काढलेले फोटो चालतात. तेव्हा गल्लीतल्या सगळ्यात अरुंद जागेचं माप आणि आडाची जागा आधी ट्रेलरमालकाला लेखी कळवा, त्याच्याकडून भाडं, हॉल्टिंग, टोल आणि परतीची फेरी लेखी घ्या, आणि बिल्टीवर मशिनची किंमत पडल्याशिवाय रॅम्प खाली करू देऊ नका.